खालची ओळ

त्रिशला मगदूमचं पहिलं वाक्य बाहेर पडलं तेव्हा ती बारा वर्षं आणि दोन महिन्यांची होती. ते वाक्य होतं, "पंखा बंद कर."

तिच्या आईला, अक्षताला, वाटलं यंत्र चुकलं. त्रिशलाला पंखा आवडतो हे त्या घरातलं ठरलेलं सत्य होतं. पंखा लावला की पोरगी हात उडवायची, मान फिरवायची, तोंड उघडायची. आल्यागेल्याला हे कौतुकानं दाखवलं जायचं. डिसेंबरातसुद्धा तिच्या खाटेवरचा पंखा चारवर फिरत असे. आणि आता तिच्या हनुवटीखाली चिकटवलेली बोटभर रुंदीची पट्टी, चाकाच्या खुर्चीला लावलेल्या छोट्या स्पीकरमधून पुन्हा म्हणत होती, "पंखा बंद कर. थंडी वाजते."

तिच्या वडिलांनी, सन्मतीनं, उठून बटण बंद केलं. मग तो बराच वेळ त्या बटणाकडेच तोंड करून उभा राहिला.

"बारा वर्षं वारा घातला पोरीला," तो म्हणाला.

"उन्हाळ्यात चालेल," पट्टी म्हणाली.

त्या दिवशी घरात जे हसू फुटलं त्याची नोंद कुठल्या अहवालात नाही. पण नांदणे गावात त्यानंतर आठवडाभर जो भेटेल त्याला सन्मती ही पंख्याची गोष्ट सांगत होता.

त्रिशला सातव्या महिन्यात जन्मली. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि मेंदूतला जो भाग हालचालींना लगाम घालतो त्याला इजा झाली. बुद्धीला धक्का लागला नव्हता. ती वर्गात बसे, ऐकलेलं विसरत नसे, पुस्तकाचं पान कुणी उलटलं की वाचत असे. पण हात, पाय, जीभ तिचं ऐकत नव्हते. मिरजेच्या वाचा-केंद्रात काम करणाऱ्या मेहजबीन शिकलगार यांनी पहिल्याच भेटीत मगदूम नवरा-बायकोला हे सगळं उलगडून सांगितलं होतं. माणूस बोलतो तेव्हा मेंदू जीभ, जबडा, ओठ, गळा इथल्या शंभरेक स्नायूंना हुकूम सोडतो. त्रिशलाचा मेंदूही सोडतो. फक्त त्या एका हुकमाबरोबर नको असलेले दहा हुकूम सुटतात आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज येतो. स्नायू आखडतो तेव्हा कातडीवर व्होल्टच्या लाखाव्या भागाइतकी वीज उमटते. पट्टीवरचे बत्तीस ठिपके ती वीज टिपतात.

"आणि त्या गोंधळातनं खरा हुकूम कुठला हे कसं कळणार?" सन्मतीनं विचारलं होतं. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं; यंत्र म्हटलं की त्याला आतलं बघायचं असे.

"लग्नाच्या मांडवात बँड वाजत असतो," शिकलगार मॅडम म्हणाल्या. "तरी आपलं मूल रडलं की आईला ऐकू येतं. का? तिनं ते रडणं हजारदा ऐकलेलं असतं म्हणून. यंत्रालाही हजारदा ऐकवायचं."

ऐकवणं दोन टप्प्यांत होतं. पहिले तीन महिने केंद्रात. पडद्यावर शब्द यायचा, 'पाणी'. त्रिशला तो म्हणायचा प्रयत्न करायची. पट्टी वीज टिपायची. अकराशे चाळीस शब्द, प्रत्येक वीस वेळा. पोरीला घाम फुटायचा, मान एका बाजूला ओढली जायची, टाचा खुर्चीच्या पायटीवर आपटायच्या. तीन महिन्यांत तिनं एकदाही घरी जायचं म्हणून दाराकडे डोळे फिरवले नाहीत. शिकलगार मॅडमनी बावीस मुलांना पट्टी लावली होती. अशी चिकाटी त्यांनी पाहिली नव्हती, आणि तसं त्यांनी तिला तोंडावर सांगितलंही.

यातून तयार झाली ती खालची ओळ, म्हणजे स्नायू प्रत्यक्ष काय म्हणाले ते. ही ओळ तुटक असते, अक्षरं गाळलेली असतात. तिच्यावर दुसरा थर बसतो. समोर कोण आहे, वेळ कुठली, आधी काय बोलणं झालं, हे पाहून तो तुटक अक्षरांचं वाक्य लावतो. मुरलेला कंपाउंडर डॉक्टरचं अक्षर लावतो तसं. ती वरची ओळ. स्पीकर बोलतो ती वरची, आणि घरच्यांच्या पडद्यावर दिसते तीही वरचीच. हा वरचा थर घडवण्यासाठी दुसरा टप्पा लागतो, घरचा सराव. मुलाचं ज्याला समजतं असं कुणीतरी फोन घेऊन शेजारी बसतं. यंत्र वाक्य बोललं की बरोबर असेल तर बरोबरची खूण करायची, चुकलं असेल तर खरं वाक्य सांगायचं. या माणसाला केंद्रात दुभाषी म्हणत.

त्रिशलाची दुभाषी अक्षताच असणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तिच्या भुवईच्या हालचालीवरून भूक की तहान हे अक्षता ओळखायची. बारा वर्षं तिनं लेकीच्या तोंडात चमच्यानं घास भरवला होता; जबडा किती उघडला की घास द्यायचा, हनुवटी किती खाली हवी म्हणजे ठसका लागत नाही, हे तिच्या बोटांना पाठ होतं. शिवाय आवाज हा तिचा धंदाच. गावच्या एस.टी. स्थानकावर ती चौकशीच्या खिडकीत बसे आणि माईकवरून गाड्या पुकारे. पट्टीचा आवाजही तिच्याच आवाजावरून, वय कमी करून घडवला होता. त्यामुळे पहिल्यांदा त्रिशला दुकानात बोलली तेव्हा दुकानदारानं विचारलं, "फलाट क्रमांक किती?"

सहा महिन्यांत अक्षतानं अकरा हजारांवर वाक्यं तपासली. डबा करताना, वेणी घालताना, स्थानकावरून आल्यावर चहाचा कप हातात धरून. पहिल्या महिन्यात दहातली चार चुकायची, मग दोन, मग एक. फेब्रुवारीत त्रिशला चार सेकंदांत सबंध वाक्य बोलू लागली. तिनं वर्गात पहिल्यांदा प्रश्न विचारला, पहिल्यांदा तक्रार केली, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला असं काही म्हणाली की बाईंनी पालकांना बोलावून घेतलं. सन्मती शाळेत गेला तो छाती काढून. पोरगी बोलण्यावरून शिक्षा भोगतेय, याहून मोठा सन्मान त्याला सुचत नव्हता.

पण दुभाषी जितकी चूक सुधारतो तितकंच वळणही लावतो. अक्षताच्या घरात कुंकू संपत नसे, वाढत असे. बांगडी फुटत नसे, तीही वाढत असे. देवापुढचा दिवा कुणी विझवत नसे, तो शांत करत. तेरावं लागलेली, नुकतीच वाचा फुटलेली पोरगी कशाला हे पाळते? ती म्हणे, "आई, कुंकू संपलं." अक्षता म्हणे, "संपलं म्हणू नये गं, वाढलं म्हणावं," आणि फोनवर तसं नोंदवे. यंत्र ऐके.

आणि सकाळी शाळेची गाडी यायची. सन्मती खुर्ची उतरणीवरून खाली नेत असताना पट्टी म्हणायची, "जाते."

तसं पाहिलं तर अक्षता दिवसभर तोच शब्द म्हणत असे. कोल्हापूरकडे जाणारी, पंढरपूरकडे जाणारी, कुरुंदवाडमार्गे जाणारी. तो गाड्यांचा शब्द होता. घरच्या उंबरठ्यावर माणूस 'येते' म्हणतो. त्रिशला चार वर्षांची असताना न्यूमोनियानं दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी नर्स घाम पुसत म्हणाली होती, "गेलीच होती, ताई. परत आली." तेव्हापासून त्या क्रियापदाचं अक्षताशी वैर होतं.

"जाते म्हणू नये. येते म्हणावं," ती रोज सांगे आणि फोनवर दुरुस्ती करी. पाचव्या सकाळी पट्टी आपण होऊन म्हणाली, "येते." शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, यंत्रालासुद्धा वळण लावलं की गं हिनं. अक्षताला बरं वाटलं. त्रिशलाचे हात त्या दिवशी फार उडाले. शाळेला उशीर होतोय म्हणून असेल, असं अक्षता धरून चालली.

मार्चमध्ये 'अंगण'चं पत्र आलं. सातारच्या बाजूला डोंगरउतारावर हे निवासी विद्यालय होतं, आठवीपासून पुढे. तिथे सोळा मुलं पट्टीवर बोलत. प्रवेशाआधी चौघांशी त्रिशलाचं फोनवर चित्र-बोलणं झालं. अक्षता मागून बघत होती. एक मुलगा वाक्य बोलला. मग दहा सेकंद कुणीच काही बोललं नाही. तिला वाटलं नेट अडकलं. ती फोन हलवायला पुढे झाली. मग दुसरी मुलगी बोलली. मग पुन्हा शांतता. कुणाला घाई नव्हती, कुणी कुणाचं वाक्य पुरं करत नव्हतं. त्रिशला तासभर त्या शांततांमध्ये बसून राहिली, आणि तिचा चेहरा अक्षतानं कधी पाहिला नव्हता इतका सैल झाला होता.

जागा एकच होती. अक्षता म्हणाली, घास कोण भरवणार? ठसका लागला तर? थंडी डोंगरावरची. सगळे प्रश्न खरे होते आणि सगळ्यांना शाळेकडे उत्तरं होती. सन्मती म्हणाला, "तू म्हणशील तसं." पण दुसऱ्याच दिवसापासून तो दुकानात खुर्चीच्या मागे बॅग ठेवायला पोलादी घोडी बसवू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. अक्षतानं ती पाहिली.

नवा नियम असा होता की बारा वर्षांवरच्या मुलाची इच्छा त्याच्याच शब्दांत नोंदवायची. आई-वडील खोलीबाहेर. हो-नाहीचे प्रश्न चालत नाहीत, कारण विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मुलं हो म्हणतात. तीन वेळा विचारायचं. तिन्ही वेळा अर्थ एकच निघाला तर तो पक्का.

'अंगण'चे मुख्याध्यापक दिगंबर साबणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेच्या केंद्रावर आले. साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे. काचेपलीकडे ते त्रिशलासमोर खाली बैठक मारून बसले, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये. अलीकडे बाकावर अक्षता आणि सन्मती. आतलं बोलणं स्पीकरवरून ऐकू येत होतं.

"जूनमध्ये शाळा उघडते," साबणे म्हणाले. "घर आहे, आणि आमचं वसतिगृह आहे. तू काय ठरवलंयस ते मला तुझ्या शब्दांत सांग."

त्रिशलाची मान ताठ झाली. जबडा हलला. चार सेकंदांनी पट्टी म्हणाली, "मी आता घरी येते, आई."

साबण्यांनी लिहून घेतलं. थोडं थांबून पुन्हा तेच विचारलं. पट्टी तेच म्हणाली. या वेळी तिचे हात जोरात उडाले, टाचा पायटीवर आपटल्या.

तिसऱ्या वेळी अक्षता काचेला खेटून उभी होती. तिचं लक्ष लेकीच्या जबड्याकडे होतं, कारण बारा वर्षं तिनं तिथेच पाहिलं होतं. 'ये' म्हणताना तोंड जेमतेम फटीएवढं उघडतं. तेवढ्यात चमचासुद्धा जात नाही. त्रिशलाचा जबडा मोठ्या घासाला उघडावा तसा खाली गेला होता. 'जा'. स्पीकर म्हणाला, "मी आता घरी येते, आई."

अक्षताला त्याच क्षणी कळलं. आणि कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटला तो आनंद होता, हे ती नंतर स्वतःपासून लपवू शकली नाही.

साबणे बाहेर आले. "तिला घरच हवंय. त्यात वाईट काही नाही, ताई. हात उडताहेत, तिला तोडल्यासारखं होत असेल," ते समजुतीनं म्हणाले. उद्या दुपारी बारापर्यंत ते कागद पाठवणार होते. यादीतली पुढची मुलगी थांबली होती.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून पट्टी म्हणाली, "मी येते म्हणाले." मग पुन्हा, "मी येते म्हणाले. येते म्हणाले."

"ऐकलं की बाळ," गाडी चालवताना सन्मती म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "चाललोय घरीच."

आरशात अक्षताला लेकीचा जबडा दिसत होता. उघडत होता, मोठा, पुन्हा पुन्हा. जे तोंड बिघडलंय ते बिघडलंय हे त्याच तोंडानं सांगायचं होतं. नांदण्याची वेस आली तेव्हा त्रिशलानं डोळे मिटून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या गाडीत बसेपर्यंत पट्टी एक अक्षर बोलली नाही.

सकाळी आठ-वीसला अक्षता माईकसमोर बसली. साताऱ्याची गाडी फलाट दोनवर लागली होती. तिनं बटण दाबलं, तोंडात बसलेलं वाक्य म्हटलं, आणि पुढच्या गाडीचा फलक बघू लागली. पाच मिनिटांनी गाडी सुटली. त्यानंतर खिडकीपुढे सात माणसं येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी होती, हातात पिशवी.

"बाई, आमची गाडी आमच्यासमोरनं गेली."

"मग बसला का नाहीत आजी?"

"तुम्हीच म्हणालात, साताऱ्याहून येणारी. आम्ही म्हटलं आली आहे, जाईल ती दुसरी. येणारी म्हटलं की माणूस बाकावर बसून राहतंय की."

मागून कंट्रोलर विचारत होता, मगदूम, काय पुकारलं तुम्ही? अक्षतानं माफी मागितली. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी होती; तिनं सातही जणांना ती स्वतः उठून दाखवली. मग अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद लिहिला आणि सन्मतीला फोन लावला. "शाळेतनं त्रिशलाला घ्या आणि मिरजेला या. मी पुढं होते. अकराच्या आत या."

"झालं काय?"

"ती काल घरी येते म्हणाली नव्हती," अक्षता म्हणाली. "जाते म्हणाली होती."

शिकलगार मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रातली नोंद उघडली. केंद्राच्या पडद्यावर दोन्ही ओळी दिसतात. खालच्या ओळीत होतं, 'मी आता घरातून जाते, आई', खात्री चौऱ्याण्णव टक्के. वरच्या ओळीत, 'मी आता घरी येते, आई'. 'जाते' हा शब्द या घरात चुकीचा असतो हे वरचा थर शिकला होता. तो बदलल्यावर 'घरातून' जुळेना, म्हणून त्यानं 'घरी' करून वाक्य सरळ केलं होतं. तीनही वेळा तसंच. मॅडम मागे मागे गेल्या. नऊ फेब्रुवारीपासून खालच्या ओळीत 'जाते' दोनशे बारा वेळा आलं होतं. वरच्या ओळीत एकदाही नाही. त्यातल्या एकतीस वेळा आधी किंवा नंतर 'म्हणाले' होतं.

"मी केलं हे," अक्षता म्हणाली.

"एकट्या तुम्ही नाही, ताई. मी दर आठवड्याला बघत होते, तुमच्या दुरुस्त्या कमी होत चालल्यात. दुरुस्त्या कमी म्हणजे यंत्र शिकलं, असं आमचं गणित. खालची ओळ उघडून बघितलीच नाही." मॅडमच्या घराण्यात चार पिढ्या सतारी घडत आल्या होत्या. त्या एकट्याच वेगळ्या वाटेनं आल्या होत्या, असं लोक म्हणत. "आमचे आजोबा सतारीच्या घोडीची जवारी काढायचे. तार जिथं टेकते तिथं घासायचं, कानानं, केसाएवढं. नवीन पोरं विचारायची, आवाज येण्यासाठी काय घालू? ते म्हणायचे, घालायचं काही नसतं. आवाज तारेत आहे. आड येतंय ते काढ."

मग त्यांनी किंमतही सांगितली. एक शब्द वेगळा काढता येत नाही. घरचा थर काढायचा तर सगळा काढायचा. अकरा हजार वाक्यांचं काम जाईल. चार सेकंदांचे अकरा होतील. बोलणं तुटक येईल, चुकेल, लोक कंटाळतील. मग नवा थर बसवायचा तर दुभाष्याशिवाय, त्रिशलानं स्वतः एकेक वाक्य निवडून. वर्ष जाईल.

"काढू का?" त्यांनी विचारलं.

"मला नका विचारू," अक्षता म्हणाली.

साडेदहाला सन्मती खुर्ची ढकलत आत आला. मॅडमनी त्रिशलापुढे बसून तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मग म्हणाल्या, तुझं उत्तर त्याच थरातून आलं तर उपयोग नाही, म्हणून पाच मिनिटांपुरता तो बाजूला करते. त्यांनी तो बाजूला केला.

सन्मतीनं घड्याळ बघितलं. अक्षताचा अंगठा सवयीनं फोनवर गेला, जिथे वाक्य सुचवायची जागा होती. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली. अकरा सेकंद फार मोठे असतात.

"दोन," पट्टी म्हणाली. "महिने. सांगते." आवाजातला गुळगुळीतपणा गेला होता, अक्षताच्या आवाजाची सावली त्यात कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं. सगळे थांबले, कारण जबडा अजून हलत होता. "आई. दिवसभर. जाणारी. म्हणते. मी. एकदा. म्हटलं. तर."

तर काय, ते आलं नाही. सन्मतीला हसू फुटलं आणि त्यानं तोंडावर हात धरला.

अक्षता खुर्चीपाशी खाली बसली, काल साबणे बसले होते तशी. "रागावलीस माझ्यावर?"

आठ. नऊ. दहा.

"हो," पट्टी म्हणाली.

सहा महिन्यांत पट्टीनं अक्षताला असं थेट उत्तर कधी दिलं नव्हतं. ते ऐकून तिला जे वाटलं ते दुःख होतं खरं, पण त्याच्या बुडाशी एक विलक्षण कौतुक होतं: ही माझ्याशी बोलतेय. ही कुणीतरी दुसरी आहे, आणि माझ्याशी बोलतेय.

"थर," त्रिशला पुढे म्हणाली. "काढा."

अकरा-चाळीसला साबणे फोनच्या पडद्यावर आले. मॅडमनी दोन्ही ओळी त्यांना दाखवल्या. अक्षता आणि सन्मती न सांगता खोलीबाहेर गेले. आत प्रश्न तीन वेळा विचारला गेला. पहिल्या दोन वेळा उत्तर आलं, "जाते." तिसऱ्या वेळी अकरा सेकंदांनी पट्टी म्हणाली, "ऐकू. येत. नाही. का."

साबणे सरांनी तेही वाक्य जसंच्या तसं नोंदवलं, आणि अर्थ पहिल्या दोन वेळांप्रमाणेच, असा शेरा मारला.

जूनच्या नऊ तारखेला सकाळी शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या. पोलादी घोडीवर बॅग बसली होती. त्रिशलाच्या सांगण्यावरून आता घरच्या पडद्यावरही दोन ओळी दिसत. खुर्ची उंबरठ्यावर आली तशी ती थांबवायला लावून त्रिशला म्हणाली, "जाते."

काकूंनी तोंडाशी पदर नेला. अक्षताचं तोंड उघडलं, आणि मिटलं. "हं," ती म्हणाली.

'अंगण'मध्ये दुपारपर्यंत सगळं लावून झालं. घास भरवणाऱ्या सुलभाताईंना अक्षतानं हनुवटीचा कोन बोटांनी दाखवला. त्यांना तो आधीच माहीत होता. व्हरांड्यात सहा-सात खुर्च्या अर्धगोलात लागल्या होत्या. कुणीतरी त्रिशलाला काहीतरी विचारलं होतं आणि सगळे तिच्या उत्तरासाठी थांबले होते, वाऱ्याकडे बघत, निवांत. ते उत्तर होईपर्यंत अक्षताही थांबली. मग लेकीपाशी गेली.

"शनिवारी येऊ?"

"नको," पट्टी बऱ्याच वेळानं म्हणाली. "पुढच्या. भडंग. आण. मिक्सरमधून. दह्यात. सगळ्यांना."

"सोळा जणांना?"

"सतरा."

सन्मती फाटकापाशी गाडी वळवून उभा होता. अक्षतानं त्रिशलाच्या कपाळावरचे केस मागे सारले. सवयीनं, विचार न करता, तिच्या तोंडून निघालं, "येते हं."

'येते' म्हटल्यावर समोरच्यानं काय म्हणायचं असतं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं ते सुचवलं नाही. ती उभी राहिली. व्हरांड्यातल्या कुणालाच घाई नव्हती. सात. आठ. जबडा किंचित हलला, फटीएवढाच उघडला. चमचासुद्धा गेला नसता. आधी खालच्या ओळीत शब्द उमटला. मग तोच वरच्या ओळीत.

"ये," त्रिशला म्हणाली.

मग अक्षता गेली.